जेवणाची ऑर्डर, साठ दिवसांची उधारी आणि डरहॅमची पॅरिश स्ट्रीट

मृण्मयी_क

नमस्कार. मी नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला एका मध्यम आकाराच्या कंपनीत ऑफिस मॅनेजर आहे. खरेदी माझ्याकडे असते: जेवणं, साफसफाई, छपाई, सगळंच. दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सगळ्यांचं एकत्र जेवण असतं, साधारण १८० माणसं. आजवर एका मोठ्या साखळीकडून सँडविचचे डबे यायचे. यंदा वरिष्ठांनी सांगितलं, गावातल्या लहान उद्योजकांकडे बघ, कृष्णवर्णीय उद्योजकांपर्यंत आपण कधी पोचलोच नाही.

मी तीन ठिकाणांहून दर मागवले. त्यातल्या एक बाई फेएटव्हिल स्ट्रीटच्या बाजूला सामायिक स्वयंपाकघर भाड्याने घेऊन केटरिंग करतात. चव बघायला त्यांनी धुरावर भाजलेलं चिकन, कोलार्डची भाजी आणि मक्याचा पाव पाठवला. तिघांमध्ये तेच सगळ्यात चांगलं होतं. दर माणशी साडेसोळा डॉलर, साखळीचा चौदा.

मग मी त्यांना आमच्या अटी कळवल्या: बिल साठ दिवसांनी मिळेल, आगाऊ रक्कम नाही, आणि दहा लाख डॉलरच्या दायित्व विम्याचं प्रमाणपत्र हवं. त्यानंतर त्यांचं उत्तरच नाही. दोनदा मेल केली. माझा सहकारी म्हणतो, त्यांना काम नकोच असेल, आणि तसंही महिन्याच्या एका जेवणाने कुठल्या वस्तीचं काय भलं होणार, हा नुसता देखावा आहे.

मला देखावा करायचा नाही, दानधर्मही करायचा नाही. नेमकं काय केलं तर उपयोग होतो? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी सांगावं.

रिचमंडकर

मृण्मयीताई, तुमच्या सहकाऱ्यांचा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी आमच्या रिचमंडमध्ये विचारला गेला होता. मॅगी वॉकर यांचं घर इथे जॅक्सन वॉर्डात आहे, राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेलं. पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतोच. आई लोकांचे कपडे धुवायची, मुलगी कपड्यांच्या टोपल्या पोचवायची. त्या मुलीने १९०३ मध्ये सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. अमेरिकेत बँकेची सनद मिळवून अध्यक्ष झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. पाच-पाच सेंट साठवणाऱ्या धोबिणी आणि मोलकरणी हे त्यांचे ठेवीदार. त्याच पैशातून १९२० पर्यंत सहाशेहून अधिक घरांची कर्जं फिटली. महिन्याचं एक जेवण लहान वाटतं खरं, पण पाच सेंट त्याहून लहान होते.

दराबद्दलही एक गोष्ट सांगतो, ती तितकी सुखाची नाही. १९०५ मध्ये त्यांनी ब्रॉड स्ट्रीटवर सेंट ल्यूक एम्पोरियम नावाचं मोठं दुकान उघडलं. कृष्णवर्णीय मुलींना काउंटरवर नोकऱ्या मिळाल्या, आणि गिऱ्हाइकाला मागच्या दाराने यावं लागत नव्हतं. गोऱ्या व्यापाऱ्यांनी एकी करून घाऊक पुरवठादारांवर दबाव आणला, माल मिळेना. त्यातून कृष्णवर्णीय गिऱ्हाइकंही चार पैसे स्वस्त म्हणून शेजारच्या गोऱ्यांच्या दुकानात जात राहिली. १९११ मध्ये दुकान बंद झालं. बँक टिकली आणि दुकान गेलं, यावर मी खूप विचार केलाय. तुमच्या अडीच डॉलरांच्या फरकापाशी मला तेच दुकान आठवलं.

वहीखातं

मृण्मयी, त्या बाईंना काम हवंय. त्या गप्प झाल्या कारण त्यांनी कागद-पेन घेऊन हिशोब केला.

मी चौदा वर्षं डरहॅममध्ये लहान व्यवसायांची खाती लिहिते. शनिवारी सकाळी एका चर्चच्या तळघरात टेबल मांडून बसते, तिथे पैसे घेत नाही. येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय आहेत: दोन न्हावी, एक पाळणाघर, माय-लेकींची साफसफाईची कंपनी, तीन केटरर. तुमची ऑर्डर मी त्यांच्या वहीत मांडून दाखवते.

१८० माणसं, साडेसोळा डॉलर, म्हणजे बिल २,९७० चं. किराणा आणि चिकन हजार-साडेदहाशे. चार मदतनीस, दोन दिवस मिळून माणशी दहा तास, ताशी सोळा, म्हणजे ६४०. सामायिक स्वयंपाकघराचं भाडं तीनशे. डबे, बर्फ, व्हॅनचं पेट्रोल दोनशे. एकूण २,१८० च्या आसपास, आणि हे सगळं तुमच्या माणसांनी पहिला घास घेण्याआधी रोख जातं. आता साठ दिवस थांबायचं. दर महिन्याला जेवण आहे, त्यामुळे पहिला चेक येईपर्यंत दोन जेवणं पदरच्या पैशाने घातलेली असतात आणि तिसऱ्याचा बाजार करायची वेळ आलेली असते. साडेसहा हजार डॉलर. ते क्रेडिट कार्डावर फिरवायचे तर वर्षाला पंचवीस टक्क्यांच्या आगेमागे व्याज. तुमची कंपनी त्यांच्याकडून नुसतं जेवण घेणार नव्हती, जेवणाबरोबर बिनव्याजी कर्जही घेणार होती. साखळीवाल्यांना ते जड जात नाही. या बाईंना जातं.

तुम्ही म्हणाल, बँकेकडून कर्ज घ्यावं. बँक विचारते, तारण काय. आणि इथे डरहॅमचा इतिहास मधे येतो. नुसता अभिमानाचा भाग सांगून मला थांबायचं नाही, म्हणून जरा लांबण लावते.

पॅरिश स्ट्रीट म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांच्या विमा कंपनीची आणि बँकेची गल्ली. तिथले फलक तुम्ही पाहिले असतील. जॉन मेरिक गुलामगिरीत जन्मलेला माणूस, धंद्याने न्हावी. तंबाखूसम्राट ड्यूक घराण्यातल्यांची दाढी-कटिंग करायचा, आणि गावात त्याची अनेक सलून होती. त्या काळी कृष्णवर्णीय घरात मृत्यू झाला की मातीच्या खर्चासाठी टोपी फिरवायची वेळ यायची. गोऱ्या विमा कंपन्या एक तर नाकारायच्या, नाही तर हप्ता जास्त लावायच्या. मेरिकने डॉक्टर ॲरन मूर आणि आणखी काही जणांना बरोबर घेऊन १८९८ मध्ये विमा कंपनी काढली, तीच पुढे नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल. सी. सी. स्पॉल्डिंग यांनी ती दारोदार जाऊन वाढवली. १९०७ मध्ये मेकॅनिक्स अँड फार्मर्स बँकेला सनद मिळाली, पुढच्या वर्षी दारं उघडली. मंदीत देशभर बँका बुडत असताना ही उभी राहिली, आणि आजही चालू आहे. माझ्या दोन अशिलांची खाती तिथेच आहेत.

मातीच्या हप्त्यातून विमा कंपनी, विम्याच्या पैशातून बँक, बँकेच्या कर्जातून हेटाय या कृष्णवर्णीय वस्तीतली घरं, चर्च, दवाखाने, दुकानं. एकेक दुकान सुटं सुटं नव्हतं, एकाचा गल्ला दुसऱ्याच्या भांडवलात जात होता.

मग ते तुटलं. १९३० च्या दशकात केंद्र सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे केले आणि कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगवल्या. लाल म्हणजे कर्ज धोक्याचं. १९६२ मध्ये 'शहर नूतनीकरणा'साठी रोखे काढायचं मतदान झालं. हेटायमधल्या पुढाऱ्यांनीही त्याला पाठिंबा दिला होता, कारण नवी घरं आणि नवे गाळे मिळतील असं सांगितलं गेलं होतं. मिळाला डरहॅम फ्रीवे. चार हजारांवर कुटुंबं आणि पाचशेच्या आसपास व्यवसाय उठले. काही दुकानदारांना पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये बसवलं, लोक त्या जागेला 'टिन सिटी' म्हणायचे. आज तुम्ही त्या फ्रीवेवरून, म्हणजे १४७ वरून, गाडीने जाता तेव्हा जुनी हेटाय वस्ती दोन मिनिटांत मागे पडते. सेंट जोसेफ चर्चची विटांची इमारत तेवढी कडेला उभी दिसेल, आता तिथे हेरिटेज सेंटर आहे.

माझ्याकडे येणारा मोठा न्हावी एकदा म्हणाला, आमच्या आजोबांची खुर्ची आम्ही हलवू शकलो, पण भिंती त्यांच्या नव्हत्या. हातात कौशल्य होतं, गिऱ्हाईक होतं, तारण ठेवायला मात्र काही उरलं नाही. त्या केटरर बाईंचं कुटुंब हेटायचं आहे की नाही मला माहीत नाही. पण साठ दिवस थांबायची ताकद कोणाकडे असते आणि कोणाकडे नसते, ते अशा गोष्टींतून ठरलेलं आहे.

आता काय करायचं. अर्धी रक्कम आगाऊ द्या आणि उरलेली जेवणानंतर दहा दिवसांत. तुमच्या लेखा विभागाला सांगा, हे कर्ज नाही, किराण्याचा खर्च आहे. मोठी खाती असलेल्या केटररलाही लग्नाच्या ऑर्डरला लोक निम्मे पैसे आधी देतात, मग कंपनीलाच काय जड आहे?

विम्याचं ऐकून घाबरू नका आणि त्यांनाही घाबरवू नका. सामायिक स्वयंपाकघरं सहसा विम्याशिवाय जागा देत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे पॉलिसी बहुधा असेलच. तुम्हाला फक्त प्रमाणपत्रावर कंपनीचं नाव हवंय. ते एजंट एका दिवसात करून देतो. पण "दहा लाखांच्या विम्याचं प्रमाणपत्र पाठवा" अशी कोरडी ओळ वाचून माणसाला वाटतं, दहा लाखांची नवीन काही भानगड घ्यायचीय. फोन करा. मेलवर तिसऱ्यांदा विचारू नका.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट: वर्षभराचं पत्र द्या. 'पुढचे बारा महिने दर महिन्याला एक जेवण, साधारण इतक्या माणसांचं', एवढंच, कंपनीच्या कागदावर. वर्षाचे पस्तीस हजार डॉलर होतात. ते पत्र घेऊन त्या सेल्फ-हेल्प क्रेडिट युनियनमध्ये (सहकारी पतसंस्थेत) किंवा मेकॅनिक्स अँड फार्मर्समध्ये जाऊ शकतात. सेल्फ-हेल्प ही डरहॅमचीच संस्था, १९८० पासूनची, ज्यांना बँका दारात उभं करत नाहीत अशांसाठी काढलेली. ज्याच्याकडे जमीन-घर नाही त्याच्याकडे हातातलं काम हेच सांगण्यासारखं असतं.

एक गोष्ट सांगून थांबते. माय-लेकींच्या ज्या साफसफाई कंपनीचा उल्लेख केला, त्यांनी २०१९ मध्ये एका मोठ्या कार्यालयाचं कंत्राट घेतलं. नव्वद दिवसांची अट. सहा बायका कामाला ठेवल्या, त्यांना दर शुक्रवारी पगार. पहिलं बिल चार महिन्यांनी आलं, तेही कापून. तोवर व्हॅन विकावी लागली होती आणि सहातल्या चौघी गेल्या होत्या. वही मी लिहीत होते. कंत्राटाच्या दिवशीच आकडा मला दिसत होता, आणि त्यांचा आनंद बघून मी बोलले नाही. मला ते आजही लागतं. आता मी प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारते, पैसे किती दिवसांनी?

उदय_एन

वरचं सगळं वाचलं, माहिती चांगली आहे. तरी एक खटकतं. व्यवसाय चांगला असेल तर तो टिकेल. मालकाच्या कातडीचा रंग बघून खरेदी करणं मला पटत नाही, मग तो रंग कुठलाही असो. शिवाय हे कायद्यात बसतं का? कंपनी अडचणीत येईल.

रिचमंडकर

उदयराव, कायद्याचा मुद्दा रास्त आहे, आणि तोही आमच्याच शहरातला. १९८३ मध्ये रिचमंड महापालिकेने नियम केला की बांधकाम कंत्राटदारांनी ३० टक्के काम अल्पसंख्याकांच्या व्यवसायांना द्यावं. तेव्हा शहराची निम्मी लोकसंख्या कृष्णवर्णीय होती आणि आधीच्या पाच वर्षांत मुख्य कंत्राटांतला त्यांचा वाटा होता ०.६७ टक्के. पाऊण टक्कासुद्धा नाही. क्रोसन नावाच्या कंपनीने दावा लावला आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. अलीकडे अटलांटातल्या फिअरलेस फंडवर दावा झाला. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या व्यवसायांना ते वीस हजार डॉलरचं अनुदान देत होते. २०२४ मध्ये तडजोड झाली आणि ती योजना बंद पडली. दाव्याचा आधार होता १८६६ चा नागरी हक्क कायदा. नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना करार करता यावेत म्हणून केलेला कायदा होता तो. मला हे वाचताना फार वाईट वाटलं होतं.

पण 'चांगला व्यवसाय टिकेल' हे मला मान्य नाही. त्या ०.६७ टक्क्यांबाहेर राहिलेले सगळे वाईट गवंडी होते का?

वहीखातं

उदय, मी जे सुचवलं त्यात रंगाचा नियम एकही नाही. अर्धे पैसे आधी, बिल दहा दिवसांत, विम्याची अट समजावून सांगणं, मोठं काम लहान तुकड्यांत देणं, दर मागवताना नेहमीच्या तीन नावांपलीकडे शोधणं. हे सगळ्यांना सारखंच लागू करा. गोऱ्या, लॅटिनो, भारतीय, कुठल्याही लहान धंद्याला त्याने बरंच वाटेल. कंपनीने वकिलाला जरूर विचारावं. फक्त ज्या अटी 'सगळ्यांना सारख्या' म्हणून आज लावल्या आहेत, त्या ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्यालाच पेलतात, एवढं मान्य करा.

सुहास_अटलांटा

तुकड्यांत काम देण्यावरून आठवलं. मेनार्ड जॅक्सन १९७३ मध्ये निवडून आले, अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. तोवर शहराच्या कंत्राटांत कृष्णवर्णीयांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता. विमानतळाचं नवं टर्मिनल बांधताना त्यांनी हट्ट धरला की साधारण पाव काम अल्पसंख्याक कंपन्यांना मिळालं पाहिजे, मोठ्या कंपन्यांनी त्यांना भागीदार करून घ्यावं. केवढा विरोध झाला. काम रखडेल, खर्च वाढेल, असं सांगणारे पुष्कळ होते. १९८० मध्ये टर्मिनल वेळेत आणि ठरलेल्या पैशांत उघडलं. हर्मन रसेल यांच्यासारखे, गिलावा करणाऱ्याच्या पोटी जन्मलेले बांधकाम व्यावसायिक त्या वर्षांत मोठे झाले. मी त्या विमानतळावर आठ वर्षं नोकरी केली. जेवणाच्या गाळ्यांचे मालक ओळखीचे झाले होते. आपल्या शाळेतली मुलं उन्हाळ्यात कामाला घेणारे मालक कोण, हे आम्हाला पाठ होतं.

तसं नेहमीच जमतं असं नाही, हेही सांगतो. तुमच्याच राज्यात ग्रीन्सबरोच्या ईशान्य भागात १९९८ मध्ये किराण्याचं मोठं दुकान बंद झालं. लोकांनी वर्षानुवर्षं खटपट करून २०१६ मध्ये रेनेसाँ को-ऑप हे सहकारी दुकान उभं केलं. माझी बहीण तिथून जवळ राहायची, उद्घाटनाला गेली होती. जानेवारी २०१९ मध्ये ते बंद पडलं. वस्तीचं प्रेम होतं, पण आठवड्याची मोठी खरेदी पुष्कळांनी स्वस्त पडतं म्हणून दुसरीकडेच चालू ठेवली.

मृण्मयी_क

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितेय, कारण काही झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

वहीखातं, तुमचा हिशोब मी जसाच्या तसा छापून आमच्या लेखा विभागाच्या प्रमुखांपुढे ठेवला. 'बिनव्याजी कर्ज' या शब्दांवर त्या बराच वेळ थांबल्या. वकिलांनाही विचारलं. आता पाच हजार डॉलरच्या आतल्या सगळ्या ऑर्डरींना, पुरवठादार कोणीही असो, अर्धी रक्कम आगाऊ आणि उरलेली दहा दिवसांत. छपाईवाल्यांना आणि खिडक्या पुसणाऱ्या काकांनाही ते मिळालं. काकांनी फोन करून विचारलं, काही चूक तर झाली नाही ना.

केटरर बाईंना मी मेल न करता फोन केला. त्यांनी सरळ सांगितलं, "तुमची मेल वाचून वाटलं, हे काम माझ्यासाठी नाहीच." विम्याचं प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. गेल्या गुरुवारी पहिलं जेवण झालं. मक्याचा पाव कमी पडला, बाकी सगळं व्यवस्थित. वाढायला दोन मुलं होती, दोघं नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठात शिकतात. आठव्या दिवशी बिल चुकतं केलं, मी स्वतः मागे लागून.

आता वर्षाच्या पत्राचं. वरिष्ठ सहा महिन्यांचं द्यायला तयार आहेत, बारा नको म्हणतात. सहाचं पत्र बँकेत चालेल का? आणि बाई विचारत होत्या की स्वयंपाकघराच्या गल्लीतच एक छोटा गाळा विकायला आहे, भाड्याने नाही, विकायला. कर्जासाठी आत्ता विचारावं की थांबावं?

वहीखातं

सहाचं पत्र चालेल. त्यात 'नूतनीकरणाचा विचार केला जाईल' ही ओळ घालून घ्या, आणि दर महिन्याच्या माणसांची किमान संख्या लिहा, नुसतं 'अंदाजे' नको.

गाळ्यासाठी आत्ताच विचारायला सांगा. कर्ज आत्ता मिळेलच असं नाही, पण कुठले कागद कमी पडतात ते आज कळेल आणि सहा महिन्यांत ते जमवता येतील. मागच्या तीन वर्षांची कर विवरणपत्रं, बँकेची वर्षभराची स्टेटमेंट्स आणि तुमचं पत्र घेऊन त्यांना शनिवारी साडेनऊला माझ्याकडे पाठवा. चर्चचा पत्ता तुम्हाला खासगी संदेशात देते. बाजूच्या दारातून खाली यायचं, पायऱ्या उतरल्यावर डावीकडचं टेबल.